पायरीवरचा श्रोता

या, जरा पुढे सरकून बसा. बडोद्याची एक गोष्ट ऐकवायची आहे, झांजा थांबल्या तरी कानात वाजत राहील अशी.

श्रीपतराव शुक्रवारी दुकान बंद करून निघाले, ते घरी पोचलेच नाहीत. शनिवारी दांडिया बाजारातल्या विठ्ठलमंदिरात कीर्तन होतं. फौजदार भास्कररावांना कीर्तनाचा भारी नाद. शोध घटकाभर बाजूला ठेवून ते आले, झांजा वाजवल्या. पूर्वरंग संपला, बुवांना हार घातला आणि भास्करराव बुक्क्याची वाटी घेऊन फिरू लागले.

श्रीपतरावांचे चुलतभाऊ बळवंतराव एरवी बुवांच्या अगदी समोर बसायचे. आज बाहेर पायरीवर होते.

"आत या की! बुवांवर रुसलात काय?"

"छे हो साहेब. इथूनच ऐकतो." बुक्क्याचं बोट कपाळाशी येताच त्यांनी मान मागे घेतली, हात जोडले. "आज नको. आमचे दादा सुखरूप सापडू देत."

भास्कररावांना भरून आलं. भावासाठी किती झुरावं माणसानं!

सोमवारी विश्वामित्रीच्या काठी झुडपात प्रेत मिळालं. डोकं फुटलेलं.

"दुकानातल्या विश्रामला विचारा," बळवंतराव डोळे पुसत म्हणाले. "दादांशी त्याचं वाजलं होतं."

विश्रामच्या खोलीत श्रीपतरावांचं घड्याळ निघालं.

"मालकांनीच दुरुस्तीला दिलं, साहेब. माउलीची शपथ!"

"खुन्याच्या तोंडी माउली?" भास्कररावांनी थोबाडीत दिली. "बळवंतराव खोटं बोलतील? अरे, त्या माणसाला मी देवाच्या दारात पाहिलंय!"

कोर्टातही बळवंतरावांची साक्ष टिकली. विश्राम फासावर गेला. त्याची आई जिजाबाई चौकीसमोर उभी राहून एवढंच म्हणाली, "साहेब, तुम्ही तर कीर्तनातले. तुम्हीसुद्धा?"

पुढे वर्षभराने साताऱ्याहून तार आली. भास्कररावांचे चुलते वारले होते. संध्याकाळी मंदिरात झांजा वाजू लागल्या आणि त्यांचे पाय आपसूक तिकडे वळले. आत जाणं शक्य नव्हतं, म्हणून पायरीवरच टेकले.

बुक्क्याची वाटी घेऊन फुलवाला जयंतीभाई आला. "केम साहेब, आजे बहार? आत नाही येत?"

भास्कररावांनी मान मागे घेतली, हात जोडले. "आज नको रे. सुतक आहे."

जोडलेले हात तसेच राहिले.

हीच पायरी. तेव्हा शनिवार होता. प्रेत मिळालं सोमवारी.

मंडळी, कपाळी बुक्का लावाल तेव्हा त्या विश्रामची आठवण ठेवा.