बाळ येशूचे बूट

न्यू मेक्सिकोतल्या आमच्या गावात, मूल हवं असलेली बाई चर्चमध्ये बाळ येशूच्या मूर्तीच्या पायाशी तान्ह्याचे बूट ठेवते. तो रात्री गावभर फिरतो आणि चालून चालून त्याचे बूट झिजतात म्हणे. मी नऊ वर्षं, दर ईस्टरला एक जोडी ठेवली. माझ्या बुटांची ती रांग बघून बायका कुजबुजायच्या. शेवटी एका दुपारी मी ते बूट गुपचूप परत न्यायला गेले.

चर्च झाडणाऱ्या रेफुहिओमावशी म्हणाल्या, "नेतेस? ने बाई. पण तो रोज घालतो, त्याला विचारून ने."

"चेष्टा नको, मावशी."

मी वाकले. आणले होते सगळे तान्ह्याच्याच मापाचे. आता प्रत्येक जोडी आधीच्या जोडीपेक्षा मोठी होती, तळ झिजलेले. नववी तर मी शाळेत शिकवते त्या तिसरीच्या मुलांना बसेल एवढी.

मी तिच्यात हात घातला. आत अजून ऊब होती.

मान वर करून त्याच्याकडे बघायची मला लाज वाटली.