ठकीच्या डोक्यातल्या उवा

“शाळेतून पुन्हा परत पाठवली म्हणे,” सासूबाई दारातूनच म्हणाल्या. चपलाही काढल्या नव्हत्या.

“उवा सगळ्याच पोरांच्या डोक्यात असतात,” ठकीचा बाप म्हणाला.

“घरी मात्र आमच्याच नातीला बसवलंय, जावईबापू.”

ठकी भिंतीला टेकून गप्प बसली होती. आजी आणि बाबा बोलायला लागले की ती अशीच बसायची. आई गेल्यापासून हे दोघं एकमेकांशी धड बोलले नव्हते. आई होती तेव्हाही फारसं नव्हतंच. गाड्यांना रंग मारणारा जावई सासूबाईंच्या डोळ्यांत पहिल्या दिवसापासून सलत होता.

“पोर माझ्याकडे द्या,” त्या म्हणाल्या. “पुरुषाच्या हातून हे व्हायचं नाही.”

“माझी पोर आहे. मी बघेन.”

“मग बघा. रविवारी येते मी. डोकं स्वच्छ दिसलं तर पुन्हा तोंड उघडणार नाही. एक जरी ऊ निघाली, तर मी हिला घेऊन जाईन. आहे कबूल?”

“कबूल,” तो तिरीमिरीत बोलून गेला. त्या जिना उतरून गेल्या.

त्या संध्याकाळी तो कामावरून येताना औषध आणि बारीक दातांची फणी घेऊन आला. डोक्याचा रुमाल सोडून त्याने हात धुतले. गॅरेजात दिवसभर पत्रा घासायचा म्हणजे धूळ उडायचीच. केसांत, कानांत, मानेवर, सगळीकडे ती चावायची. पण स्वतःकडे बघायला त्याला वेळ नव्हता. त्याने पांढरी चादर अंथरली, ठकीला पुढ्यात घेतलं आणि एकेक बट सोडवायला सुरुवात केली.

“आई दुखू द्यायची नाही,” ठकी म्हणाली.

“माहीत आहे.”

“आई गोष्ट पण सांगायची.”

“एका गाडीचा बंपर निघाला होता...” त्याने सुरुवात केली.

“ही गोष्ट नाही, बाबा. हे तुमचं काम आहे.”

रोज हेच चाललं. उशांचे अभ्रे उकळून झाले, गाद्या उन्हात पडल्या, रिबिनी फेकून दिल्या. त्याने शेजारणीचं दारही वाजवलं.

“तुमची पोरगी आमच्या ठकीच्या डोक्याला डोकं लावून खेळते. तिचं बघा जरा.”

“आमच्यात असलं काही नसतं,” शेजारीण म्हणाली. “आधी स्वतःच्या घरात बघा.” आणि तिने दार लावून घेतलं.

शनिवारी चादरीवर काहीच पडलं नाही. त्याने दोनदा फणी फिरवली, खिडकीशी नेऊन केस पाहिले. एक लीखसुद्धा नव्हती. ठकी त्या रात्री नेहमीसारखी त्याच्या मानेत डोकं खुपसून झोपली. तोही खूप दिवसांनी गाढ झोपला.

रविवारी सासूबाई आल्या त्या थेट कामाला लागल्या. नातीला मांडीशी ओढलं, चष्मा लावला. फणी पहिल्यांदा रिकामी आली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा त्यांनी कानामागून फणी ओढली आणि चादरीवर झटकली.

एक ऊ तुरुतुरु चालत निघाली.

“ही काय मुंगी आहे?” सासूबाईंनी विचारलं.

त्याची कानशिलं तापली. “ही तुम्ही आणलीत.”

“काय म्हणालात?”

“काल हिचं डोकं स्वच्छ होतं. आज तुम्ही आलात, डोक्याला डोकं लावून बसलात, आणि ऊ निघाली. पोर न्यायचीच होती ना तुम्हाला?”

सासूबाईंनी अंबाडा सोडला आणि त्याच्याकडे पाठ करून बसल्या.

“बघा. स्वतःच्या हाताने बघा.”

त्याने बघितलं. आठवडाभरात हात बसला होता. मधोमध भांग पाडून, बट वेगळी करून, मुळापासून टोकापर्यंत. केस पांढरे, विरळ, धुतलेले होते. चादरीवर तुटलेल्या दोन-चार केसांशिवाय काही पडलं नाही. त्याने फणी खाली ठेवली.

“झालं समाधान?” अंबाडा घालत त्या उठल्या. “ठकी, कपडे घे गं तुझे.”

ठकी जागची हलली नाही. बापाकडे बघत राहिली.

“आई,” तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने त्यांना आई म्हटलं नव्हतं. “आणखी एक आठवडा द्या. मी काय चुकतोय ते शोधून काढतो. हिला नेऊ नका.”

“शब्द दिला होता तुम्ही.”

“दिला होता.” तो खाली बघत मान खाजवायला लागला.

सासूबाई थांबल्या. “ते काय करताय?”

“कुठे काय?”

“खाजवताय कशाला?”

“धूळ आहे. पत्रा घासतो दिवसभर.”

“आज रविवार आहे. कसली धूळ?”

त्याचा हात मानेवरच थांबला.

“बसा इथे.”

“मी?”

“बस म्हटलं ना.”

तो ठकीच्या जागी बसला. सासूबाईंनी त्याची मान पुढे वाकवली. मानेवर वाढलेले केस बाजूला केले आणि पहिली फणी ओढली. मग दुसरी. ठकी चादरीवर वाकून मोजायला लागली आणि थोड्या वेळाने तिने मोजणं सोडून दिलं.

“बाबा, केवढ्या आहेत,” ती हळूच म्हणाली.

तो डोळे मिटून टोमण्याची वाट बघत बसला. टोमणा आला नाही. फणी तेवढी सावकाश, न दुखवता चालत होती.

“ठकी,” बऱ्याच वेळाने सासूबाई म्हणाल्या, “आज माझंही अंथरूण इथेच घाल. हे एका दिवसात निघायचं नाही.”