टवका

मासळीच्या टोपल्यांतून ठिबकणाऱ्या खाऱ्या पाण्याने मोटरसायकलची चासी पार खाल्ली होती.

"यंदा पावडर कोटिंगच करून घे, जयवंती," रंगारी असगरचाचा म्हणाले. "भट्टीत भाजलेला थर. माझ्या रंगापेक्षा चारपट टिकेल."

"आणि टवका उडाला तर?"

"तर पाणी आत शिरतं. वरून चकाचक, आतून गंज. कळतही नाही."

जयवंतीचा हात चासीवरच थांबला. गाडी नवऱ्याची. तोही "मला काय धाड भरलीय?" म्हणत हसत टोपल्या चढवायचा. डॉक्टरांनी पोट उघडलं, तेव्हा फार उशीर झाला होता.

"रंगच मारा, चाचा."

"अगं, दरवर्षी मारावा लागेल!"

"दरवर्षी येईन." तिने पॉलिश पेपर उचलला आणि स्वतःच घासायला बसली. "गंज मला दिसला पाहिजे."