हललेला चेहरा

अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराकाठच्या ग्रंथालयात दर बुधवारी जुने फोटो पडद्यावर येतात, वेलदोड्याचा पाव फिरतो आणि म्हातारी आयली बापाची तीच गोष्ट सांगते.

तांब्याच्या खाणीबाहेर सगळ्या कामगारांचा एकत्र फोटो काढला जात असताना तो हलला. चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग. तिच्या जन्माआधीच तो खाणीत गाडला गेला; दुसरा फोटो नाही.

"झालं, आयलीबाईंचं पुराण सुरू!" शेजारचा ऊर्हो चिडवतो.

"पाव खा गुपचूप."

गोष्टीगणिक डाग निवळत गेला. आधी कान, मग मिशी.

आज अख्खा चेहरा. नाक थेट तिचंच.

"बाबा!" तिने सुखाने हाक मारली.

ऊर्होचा घास हातातच राहिला. फोटोतल्या बाकी सगळ्या खाणकामगारांचे चेहरे धुरकट झाले होते, हाक ऐकून वळताना व्हावेत तसे.