गसचे पंजे

बेसबॉलचा सामना संपला तरी पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या लेम प्राउटने, टोपी काढली नाही. टोपी काढायची म्हणजे उजवा हात खांद्याच्या वर न्यावा लागला असता. तो तसाच बाकावर जाऊन बसला. "वा रे लेम!" कुंपणापलीकडून कोणीतरी ओरडलं. जिंकले होते खरे, पण नशिबाने.

बाकापाशी मिठाच्या गार पाण्याची बादली होती. ती कॅचरसाठी, गस हाउकसाठी. लेमचा चेंडू गस सहा वर्षं उघड्या हातांनी झेलत आला होता. हातमोजे घालणाऱ्या कॅचरला त्या काळी ओहायोत गावोगाव चिडवत. सामना संपला की तो दोन्ही पंजे पाण्यात बुडवून बसायचा. रात्री जेवताना चमचा धरायचा तो लहान पोरासारखा, मुठीत.

मॅनेजर डोलन मोठा बेरकी. पिचरला तो कधीच काही विचारत नसे. "पिचर थापा मारतो," तो म्हणायचा. "कॅचरच्या पंजांना थापा मारता येत नाहीत." रोज बादलीपाशी येऊन तो गसचे पंजे बघायचा, ते जितके लाल नि सुजलेले तितका लेमच्या चेंडूत जोर, आणि त्यावरून उद्या चेंडू कोण टाकणार ते ठरवायचा. आज त्याच्या खिशात टोलेडोच्या एका दांडगट पिचरचं पत्र होतं. तो दांडगट आला की लेमने परत कोळशाच्या खाणीत जायचं. पण या हाताने आता फावडं तरी कुठे उचललं जाणार होतं? आणि चेंडू सोडला तर लेमला जगात दुसरं होतं कोण?

गस येऊन शेजारी बसला. लेमने त्याचे पंजे पाहिले. नुसते मळलेले होते. लाली नाही, सूज नाही.

 "दुखत नाहीत?" लेमने हळूच विचारलं.

गस बुटांकडे बघत राहिला. "गप बस. डोलन येतोय."

डोलन चार पावलांवर आला तोच गसने दोन्ही पंजे बादलीत खुपसले. "आई गं! मेलो रे!" तो ओरडला. "हा माणूस आहे की तोफ? हाडं मोडली माझी!"

डोलन खदाखदा हसला. पाण्यात डोकावायला तो कशाला वाकतोय! "उद्याही तूच रे, लेम," म्हणत त्याने लेमच्या उजव्या खांद्यावर थाप मारली. लेमने दात आवळले आणि मान हलवली.

डोलन फाटकाबाहेर जाईपर्यंत गस कण्हत राहिला. लेमने त्याच्याकडे पाहिलं नाही. सहा वर्षांत गसची तीन बोटं मोडली होती, एक नख कायमचं गेलं होतं. तेव्हा त्याने कधी हूं की चूं केलं नव्हतं.