चार माणसांचा सोफा

"सोफाच घ्यायचा," विजयमाला म्हणाली. "गादी-लोड उचला आबा. सगळे."

भिमाजीनं पुढच्या खोलीत नजर टाकली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गादी, वर पांढरी चादर, अकरा लोड. तीस माणूस मांडीला मांडी लावून बसेल अशी बैठक. नेवाशाकडं घराची किंमत अशा बैठकीवर ठरते. लोड किती आहेत आणि त्यातल्या किती लोडांना पाठी टेकल्यात.

रविवारी पोरीला पाहायला राहुरीचे पाहुणे येणार होते. मुलगा मास्तर. याआधी दोन स्थळं येऊन गेली होती. दोघांनी चहा घेतला, अकरा लोड पाहिले, घरचं म्हणून एकटा भिमाजी टेकलेला पाहिला आणि उठले. पत्र नाही, निरोप नाही. ज्याच्या पाठीशी भावकी नाही त्याच्या घराशी सोयरीक कोण जोडतो?

आणि भावकी कशावर रुसेल ते सांगता येत नाही. बांधावरच्या बाभळीवरून रुसते, वाढपी आधी कुणाच्या पानाकडं वळला यावरून रुसते. एकदा रुसली की आपण जिल्हा न्यायाधीश झालो असं तिला वाटायला लागतं.

"तिसरं स्थळ जाऊ द्यायचं न्हाई," छबूबाईनं नवऱ्याला बजावलं. "पोर सांगती तसं करा."

म्हणून सोफा. चार माणसं बसली की भरला. मागं मोकळं काही दिसायला उरत नाही. विजयमालेचं डोकं असं चालायचं, आणि भिमाजीला त्याचं लई कौतुक.

सोफा नगरहून आला, हिरव्या रेक्झिनचा. फाट्यापर्यंत ट्रकनं, तिथून उसाच्या बैलगाडीत. गाडी गावातून निघाली तेव्हा बन्सी किराणावाल्यानं दुकानातूनच विचारलं, पाटील, दवाखाना टाकताय का काय? भिमाजी म्हणाला, व्हय, पहिला दात तुझाच काढतो.

मग रंगावरून दोन दिवस गेले. भिमाजीला गुलाबी हवा होता. विजयमाला म्हणाली, गुलाबी भिंतीपुढं हिरवा सोफा म्हणजे चिरलेलं कलिंगड. छबूबाईला निळा हवा होता, उन्हाळ्यात गार वाटतो म्हणून. रंगारी बिचारा तीन डबे घेऊन उंबऱ्यात बसून राहिला. शेवटी भिंती फिकट पिवळ्या झाल्या, खालचा पट्टा निळा, आणि भिमाजीच्या समाधानासाठी मागचं दार गुलाबी.

भिंती वाळल्यावर देवांच्या तसबिरी वर गेल्या, साखर कारखान्याचं कॅलेंडर गेलं. खाली उरला गोरक्षचा फोटो. भिमाजीचा एकुलता एक लेक. पलटणीतल्या वर्दीतला, टोपी जराशी तिरकी.

"हा आतल्या खोलीत लावू, आबा," विजयमाला खाली बघत म्हणाली. "पाहुण्यांना उगीच..."

"ह्यो समोर," भिमाजी म्हणाला. खिळा त्यानं आधीच ठोकला होता. "दारातनं आत आलं की पयला ह्योच दिसला पायजे."

छबूबाईनं पदरानं काच पुसली. नुसताच लावा, हार नको, म्हणाली. तसाच लावला.

शनिवारी चुलतभाऊ काकासाहेब सोफा बघायला आला. बसला नाही. दोन बोटांनी रेक्झिन दाबून बघितलं, जसं काही म्हैस घ्यायला आलाय.

"वाडवडलांची बैठक मोडलीस भिमा. मानसं बसायची कुठं?"

"उद्या तू येनार हायस का बसायला?"

काकासाहेबाला तेवढ्यात आठवलं की उद्या त्याची पाटाच्या पाण्याची पाळी आहे. त्याच्या चारी भावांचीही उद्याच होती. इतकं पाणी त्या पाटाला आजवर कधी आलं नव्हतं.

रविवारी पाहुणे आले. मास्तर, त्याचे आईवडील आणि मामा. बरोबर चार. सोफा भरला, भिमाजी लोखंडी खुर्चीवर बसला, आणि खोली कशी गच्च दिसायला लागली. मास्तरच्या आईनं आयुष्यात पहिल्यांदा स्प्रिंग अनुभवली. ती दोनदा उगाच उठून बसली.

विजयमालेनं पोहे आणले. मास्तरनं विचारलं, रंग कुणी निवडला? ती म्हणाली, भिंती मी, पट्टा आईंनी, आणि मागच्या दाराबद्दल कुणी विचारू नये. मास्तर इतका हसला की पोहे सोफ्यावर सांडले. छबूबाईनं ते टिपायच्या निमित्तानं त्याला जवळून बघून घेतलं आणि भिमाजीकडं बघून हळूच मान हलवली.

मास्तरच्या वडिलांनी कपबशी खाली ठेवली. उठून फोटोसमोर उभे राहिले, हात जोडले, परत येऊन बसले.

"मुलगी पसंत आहे," ते म्हणाले. "मला आडपडदा आवडत नाही, म्हणून एकच विचारतो. कन्यादानाला कोण बसणार?"

भिमाजीनं फोटोकडं पाहिलं. मग खुर्ची पुढं ओढली.

"हिचं पुन्हा लगीन लावतोय म्हनून हिचा बापबी आमच्या भावकीसारखाच रुसून बसलाय. म्हनून मी बसनार. गोरक्ष गेल्यापास्नं ही माझी लेक हाय. सासऱ्यानं केलेलं कन्यादान चालत नसंल तर आत्ताच सांगा, दुकानदार सोफा परत घेतो म्हनलाय."