दुपारचा संशय

"खरं सांगा, कुठे प्यायलात?" बायकोने पुन्हा विचारलं.

इस्पितळातल्या खाटेवरच्या वेल्डरचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. अंग तापाने फणफणत होतं. "उन्हाळा लागल्यापासून थेंबाला शिवलो नाही गं," तो म्हणाला.

"संध्याकाळी नाही, ठाऊक आहे. मीच न्यायला यायचे ना वर्कशॉपच्या फाटकाशी. पण दुपारी? दुपारी कोणाचा पहारा होता तुमच्यावर?"

वेल्डरने तोंड भिंतीकडे फिरवलं. तिला ती कबुलीच वाटली.

बिचारीचं तरी काय चुकलं? लग्न झाल्यापासून त्याने इतक्या शपथा मोडल्या होत्या, की नव्या शपथेवर तिचा विश्वासच बसत नसे. दाखल करताना डॉक्टरांनी विचारलं, "पितात का?" तिने मान डोलावली. झालं! दारूने लिव्हर गेलं, असं सगळ्यांनी धरून टाकलं आणि उपचारही त्याच वाटेने सुरू झाले. ताडाच्या झाडाखाली बसून दूध प्यालं तरी लोक ताडीच म्हणतात. ताप मात्र हटेना.

आठवड्याने वॉर्डात नव्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांना हे खटकलं. साध्या काविळीत डोळे पिवळे झाले की ताप बहुधा उतरतो. इथे तो चढतच होता, आणि एवढ्या तापात नाडी मात्र संथ. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत वेल्डर बरळू लागला होता.

"टायफॉइड आहे," बाई म्हणाल्या. "लिव्हरपर्यंत गेलाय. दारूचा यात काही संबंध नाही. औषध बदललंय, पण फार उशीर झाला."

बायको खाटेकडे धावली. "अहो, माझं चुकलं. तुम्ही खरं बोलत होतात." तो तिच्याकडे परक्या बाईकडे बघावं तसा बघत राहिला. तिला रडूही येईना.

"हा आजार खराब पाण्यातून होतो," बाई मागून हळूच म्हणाल्या. "घरातल्या बाकीच्यांसाठी विचारते. बाहेरचं पाणी, बर्फ, असं काही घ्यायचे का ते?"

"गाडीवरचं सरबत," ती म्हणाली. "बर्फ घातलेलं. दारूची आठवण होऊ नये म्हणून रोज संध्याकाळी मीच पाजायचे."